डोळे व्हा, ढाल नव्हे : ओट्रांटोच्या मच्छीमार बोटींचा धडा



जेटीवर बोटीचा रंग, ओळखपत्र, ट्रान्सपॉन्डर, भर समुद्रातली तपासणी यांवरून बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास येतो. "आम्ही मासे मारणारी माणसं. सुरक्षेचं काम नौदलाचं, तटरक्षक दलाचं, पोलिसांचं. त्यात आम्हाला कशाला ओढता?" प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ब्रिटनच्या मच्छीमारांसमोर तो आला होता, तोही महायुद्धाच्या रूपात. सरकारनं त्यांच्या वाफेवर चालणाऱ्या बोटी घेतल्या, त्यांवर एकेक लहान तोफ बसवली आणि त्यांना गस्तीवर पाठवलं. तांडेल तोच, खलाशी तेच आणि जाळं टाकायची पद्धतही जवळपास तीच. फरक एवढाच की आता जाळ्यात मासा नव्हे, पाणबुडी अडकवायची होती.

त्या बोटींचं पुढे काय झालं, त्यांचा उपयोग कुठे झाला आणि कुठे झाला नाही, हे आज आपण नीट समजून घेऊ. यात शौर्य आहेच, पण आपल्याला शौर्याबरोबर हिशेबही बघायचा आहे.

ड्रिफ्टर म्हणजे कसली बोट?

आपल्याकडे वावरी जाळं असतं. संध्याकाळी पाण्यात सोडायचं, वर बोये, खाली वजन. जाळं भिंतीसारखं उभं राहतं आणि प्रवाहाबरोबर वाहत जातं. बोटही त्याच्याबरोबर वाहते. पहाटे ओढून घ्यायचं. ब्रिटनच्या किनाऱ्यावर हेरिंग मासा असाच धरायचे, आणि ज्या बोटीवरून धरायचे तिला ड्रिफ्टर म्हणत, म्हणजे वाहत राहणारी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बोटींवर वाफेचं इंजिन आलं. साधारण ८० ते ९० फूट लांबी, वजन शंभर टनांच्या आतबाहेर, मध्ये उंच धुराडं, खाली कोळशाची भट्टी आणि बॉयलर. जाळं ओढायलाही वाफेवरचाच रहाट. मागच्या बाजूला एक लहान शीड असे. ते वेगासाठी नव्हतं. जाळ्याला बांधलेली बोट वाऱ्याला तोंड करून स्थिर राहावी म्हणून ते लावत. वेग बेताचा, ताशी नऊ-दहा सागरी मैल. हेरिंगचा हंगाम जसा सरके तसे स्कॉटलंडचे मच्छीमार उत्तरेच्या शेटलंड बेटांपासून दक्षिणेला यारमथ आणि लोस्टॉफ्टपर्यंत खाली येत. या बोटी घरच्या कमाईच्या होत्या. अनेकदा भाऊ-भाऊ, बाप-मुलगे, मेहुणे एकाच बोटीवर असत.

दुसरा प्रकार ट्रॉलरचा. तो आपल्याला माहीत आहेच. ब्रिटनचे वाफेचे ट्रॉलर ड्रिफ्टरपेक्षा मोठे आणि दणकट असत. आइसलँडपर्यंतच्या थंड, खवळलेल्या समुद्रात ते जात. ग्रिम्सबी आणि हल ही त्यांची मोठी बंदरं.

नौदलाला या बोटी का हव्या होत्या?

१९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात समुद्रातल्या सुरुंगांनी मोठमोठी लढाऊ जहाजं बुडवली. तेव्हा ब्रिटिश नौदलाला कळून चुकलं की सुरुंग काढायला आपल्याकडे पुरेशी साधनं नाहीत. १९०७ मध्ये ॲडमिरल लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांनी ग्रिम्सबीला जाऊन ट्रॉलरचं काम पाहिलं आणि सुचवलं की हे काम याच बोटींना द्यावं. दोन बोटी शेजारी शेजारी चालवायच्या, मध्ये जाड तार ओढायची, तार सुरुंगाच्या दोरखंडाला अडकली की तो कापला जातो, सुरुंग वर येतो आणि मग बंदुकीनं फोडायचा. तार ठराविक खोलीवर राहावी म्हणून जी फळी लागते, ती ट्रॉल जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळीच्याच जातीची. जड वजन ओढायचं इंजिन, तार गुंडाळायचा विंच आणि वादळात दोरखंडाशी खेळायची सवय, हे सगळं ट्रॉलरवर आधीच तयार होतं.

१९०८ मध्ये दोन ट्रॉलर भाड्यानं घेऊन चाचणी झाली. १९१० मध्ये नौदलाच्या राखीव दलात ट्रॉलर विभाग सुरू झाला. त्यात मच्छीमार तांडेलाला 'स्किपर' हा हुद्दा मिळाला. १९१४ ला युद्ध सुरू झालं आणि पुढच्या चार वर्षांत हजारांहून अधिक ट्रॉलर आणि तितक्याच मोठ्या संख्येनं ड्रिफ्टर नौदलाच्या कामाला लागले. बोटीला भाडं, माणसांना पगार. सुरुंग काढणं, बंदरांच्या तोंडाशी पहारा देणं, बुडणाऱ्या जहाजांवरची माणसं उचलणं ही कामं त्यांनी केली. त्यात शेकडो बोटी गेल्या.

इथवरचा हिशेब सरळ आहे. मच्छीमाराचं कौशल्य जिथे खरोखर लागू पडत होतं तिथे त्याचा उपयोग झाला. सुरुंग काढायच्या कामाला पर्यायच नव्हता. आता जिथे हा हिशेब बिघडला त्या जागेकडे जाऊ.

ओट्रांटोचं कुंपण

इटलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. बुटाच्या आकाराचा देश. बुटाच्या टाचेला ओट्रांटो हे गाव आहे. तिथून समुद्रापलीकडे अल्बानिया. मधलं अंतर सुमारे ७२ किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या किनाऱ्याच्या लांबीपेक्षा कमी. या अरुंद पट्ट्याच्या उत्तरेला एड्रियाटिक समुद्र. त्यात पोला आणि कॅटारो या बंदरांत ऑस्ट्रिया-हंगेरीचं आरमार होतं, आणि जर्मन पाणबुड्याही तिथूनच निघत. त्या पाणबुड्या खाली उतरून भूमध्य समुद्रात येत आणि मालवाहू जहाजं बुडवत. सुएझमार्गे हिंदुस्थानात येणारी-जाणारी जहाजंही त्याच समुद्रातून जायची.

मित्रराष्ट्रांनी ठरवलं की या दरवाजालाच कुंपण घालायचं. सप्टेंबर १९१५ पासून ब्रिटनहून ड्रिफ्टर तिथे आणले गेले. पहिल्या खेपेला सुमारे ६०, पुढे संख्या शंभराच्या वर गेली. स्कॉटलंड आणि पूर्व इंग्लंडच्या थंड पाण्यात हेरिंग धरणारी माणसं इटलीच्या उन्हात येऊन पोचली. एका ओळीत बोटी उभ्या करायच्या, प्रत्येकीनं आपलं जाळं सोडायचं आणि वाहत राहायचं. जाळं आता सुताचं नव्हतं, पोलादी तारेचं होतं. पाणबुडी त्यात अडकली की जाळं तिच्याबरोबर ओढलं जाई, वरचा बोया पाण्यावरून धावू लागे आणि त्यातून धूर व ज्वाळा निघत. ती खूण पाहून बोटींनी पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकायचे.

कल्पना मच्छीमाराला पटेल अशीच होती. वावरी जाळ्याचं गणितच ते. पण जाळं टाकणाऱ्या कोणालाही तिच्यातली गोम लगेच कळेल. मासा जाळं चुकवायला शिकत नाही, निदान एका रात्रीत तरी नाही. पाणबुडीचा कप्तान शिकतो. त्यानं खोल बुडी मारली की जाळ्याखालून वाट मोकळी. रात्री बोटींच्या मधल्या फटीतून पाण्यावरूनच निसटणंही जमत होतं. खवळलेल्या दिवशी ओळ विस्कटायची. बोटींना कोळसा भरायला आणि दुरुस्तीला बंदरात जावं लागे, म्हणून सगळ्या बोटी एकाच वेळी ओळीवर कधीच नसत.

१३ मे १९१६ ला ऑस्ट्रियाची यू-६ ही पाणबुडी कॅलिस्टोगा नावाच्या ड्रिफ्टरच्या जाळ्यात सापडली आणि तिच्या खलाशांनी ती सोडून दिली. हे खरं यश. पण एवढ्या बोटींनी, एवढ्या काळात, जाळ्यानं पाणबुडी पकडल्याचं पक्कं उदाहरण म्हणून हेच एक ठामपणे सांगता येतं.

शिवाय कुंपण अडचणीचं वाटू लागलं तेव्हा शत्रू ते तोडायलाही येऊ लागला. ९ जुलै १९१६ ला नोवारा या ऑस्ट्रियन क्रूझरनं येऊन दोन ड्रिफ्टर बुडवले आणि काही खलाशांना कैद करून नेलं. इशारा मिळाला होता. तरी ओळ तशीच राहिली आणि बोटींवर तशीच एकेक छोटी तोफ राहिली.

१५ मे १९१७ ची पहाट

१४ मे १९१७ च्या रात्री ४७ ड्रिफ्टर ओळीवर होते. कॅटारोहून तीन क्रूझर निघाले, नोवारा, हेल्गोलांड आणि सैदा. नेतृत्व कॅप्टन मिक्लोश होर्थी यांच्याकडे. हेच होर्थी पुढे हंगेरीचे राज्यप्रमुख झाले. रात्री लांबून पाहणाऱ्याला ही जहाजं ब्रिटिश विनाशिका वाटावीत म्हणून त्यांच्या डोलकाठ्यांची रचनाही बदललेली होती.

दोन्ही बाजूंची ताकद बघा. प्रत्येक क्रूझर सुमारे साडेतीन हजार टनांचा, वेग २७ सागरी मैल, त्यावर १० सेंटीमीटरच्या नऊ तोफा. समोर शंभर टनांचा ड्रिफ्टर, वेग नऊ-दहा, एक लहान तोफ आणि पाण्यात सोडलेलं जाळं. जाळं तोडल्याशिवाय पळताही येत नाही. मित्रराष्ट्रांच्या विनाशिकांची एक तुकडी त्या रात्री उत्तरेला गस्तीवर होती, पण ड्रिफ्टरांच्या ओळीजवळ त्यांना आडोसा देईल असं एकही मोठं जहाज नव्हतं.

पहाटे साडेतीनच्या सुमारास हल्ला सुरू झाला. क्रूझरांनी अनेक ठिकाणी आधी भोंगा वाजवून खलाशांना बोट सोडायला सांगितलं आणि माणसं उतरल्यावर बोटी बुडवल्या. युद्धात असं क्वचित होतं, म्हणून त्याची नोंद घ्यायला हवी. अनेक बोटींच्या लोकांनी बोट सोडली. त्यांना कोणी दोष देऊ नये. जाळं टाकलेल्या लाकडी बोटीवरून नऊ तोफांशी लढणं म्हणजे काय हे घरी बसून सांगता येत नाही.

पण काही बोटी लढल्या. गोवनली नावाच्या ड्रिफ्टरवर स्किपर होते जोसेफ वॅट. स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व किनाऱ्यावरच्या गार्डनस्टाउन या मच्छीमार गावचे, वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर. जवळजवळ ९० मीटरवरून एका क्रूझरनं त्यांना थांबून बोट सोडायला सांगितलं. वॅट यांनी उलट इंजिन पूर्ण वेगात घ्यायला सांगितलं आणि आपल्या माणसांना तीनदा जयघोष करून शेवटपर्यंत लढायची हाक दिली. तोफेतून एक गोळा सुटला. तेवढ्यात क्रूझरच्या गोळ्यानं त्या तोफेचा मागचा भाग निकामी झाला. तरी तोफेवरची माणसं हटली नाहीत. गोळ्यांच्या माऱ्यात ती तोफ पुन्हा चालू करायचा प्रयत्न करत राहिली. फ्रेडरिक लॅम्ब या खलाशाचा पाय स्फोटानं मोडला होता, तोही तिथेच राहिला.

क्रूझर पुढे निघून गेला. गोवनली तरंगत होती. वॅट यांनी बोट बंदराकडे न वळवता शेजारच्या फ्लोअँडी या ड्रिफ्टरकडे नेली. तिची दशा वाईट होती. तिचा बिनतारी यंत्रावरचा जवान लॉगबुकात नोंद लिहीत असतानाच मारला गेला होता. गोवनलीच्या माणसांनी तिथले मृत आणि जखमी उतरवून घेतले. आपल्यातला कोणीही हेच करील. समुद्रात दुसऱ्याची बोट संकटात दिसली की आधी तिकडे वळायचं, हा नियम सगळ्या किनाऱ्यांवर एकच आहे.

उजाडल्यावर मोठी जहाजं एकमेकांना भिडली. नोवारा इतकं जायबंदी झालं की सैदानं ते ओढून नेलं, होर्थी स्वतः जखमी झाले. परत येताना ब्रिटिश क्रूझर डार्टमथला जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, पण ती तरली. फ्रेंच विनाशिका बूतफ्यू सुरुंगावर जाऊन बुडाली.

ड्रिफ्टरांचा हिशेब असा. ४७ पैकी १४ बुडाले, ४ मोडकळीला आले. ७२ मच्छीमार-खलाशी कैदी झाले.

जोसेफ वॅट यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात इटलीतच मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना मिळाला, तोच हा सन्मान. बेळगावच्या आपल्या वाचकांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. लॅम्ब यांनाही शौर्यपदक मिळालं. युद्ध संपल्यावर वॅट गावाकडे परतले आणि पुन्हा हेरिंग धरू लागले. त्या पहाटेबद्दल ते फारसं बोलत नसत. १९५५ मध्ये फ्रेझरबर्ग इथे ते वारले.

मग चुकलं कुठे?

वॅट यांच्यासारखी हिंमत बघून ऊर भरून येतो. पण हिंमत म्हणजे योजना नव्हे, आणि इथे योजनाच कच्ची होती. त्या रात्रीनंतर काय ठरलं ते पाहिलं की हे उघड होतं. ड्रिफ्टर यापुढे फक्त दिवसा ओळीवर ठेवायचे असा निर्णय झाला. म्हणजे पाणबुड्यांना सर्वांत सोयीची जी वेळ, रात्रीची, तेव्हा दरवाजा उघडा. १४ बोटी गेल्या आणि कुंपणही गेलं.

भूमध्य समुद्रातल्या जहाजांना खरा आधार मिळाला तो वेगळ्याच पद्धतीनं. मालवाहू जहाजं एकेकटी न पाठवता तांडा करून, सोबत लढाऊ जहाजं देऊन पाठवायला सुरुवात झाली. १९१७ पासून ही तांडा पद्धत जोरात लागू झाली आणि पाणबुड्यांची शिकार कमी होत गेली. त्या तांड्यांच्या सोबतीतही ट्रॉलर असत. पण तिथे ते एकटे नव्हते आणि त्यांच्या मागे कोण आहे हे ठरलेलं होतं.

आमच्या मते ओट्रांटोत तीन गोष्टी चुकल्या.

पहिली, बोटीला तिच्या ताकदीबाहेरचं काम दिलं. ड्रिफ्टर पाहू शकत होता, खबर देऊ शकत होता, माणसं वाचवू शकत होता. क्रूझरसमोर उभं राहणं त्याच्या आवाक्यात नव्हतं.

दुसरी, डोळे होते पण आवाज नव्हता. सगळ्या ड्रिफ्टरांवर बिनतारी यंत्र नव्हतं. ज्यांवर होतं त्यांचा संदेश पोचेपर्यंत उशीर होत होता.

तिसरी, आधीच्या वर्षीच्या हल्ल्यानं इशारा देऊनही मदतीचं जहाज जवळ ठेवलं गेलं नाही. मच्छीमाराला पुढे उभं करायचं आणि त्याच्या मागे कोणी नाही, हे सर्वांत वाईट.

पंचवीस वर्षांनी पुन्हा

दुसऱ्या महायुद्धात हीच माणसं, किंवा त्यांची मुलं, पुन्हा बोलावली गेली. त्यांचं मुख्य ठाणं लोस्टॉफ्ट इथल्या एका बागेत होतं आणि दलाचं नाव रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस. आता बोटींवर चांगली साधनं होती. मोठी तोफ होती, पाण्याखालचे बॉम्ब होते आणि आवाजाच्या लहरी सोडून पाणबुडी शोधणारं यंत्र होतं. आपण आज बोटीवर वापरतो त्या फिश फाइंडरचाच तो थोरला भाऊ.

त्यातली एक बोट बेडफर्डशायर. १९३५ साली बांधलेला कोळशावरचा ट्रॉलर, १६२ फूट लांब. १९३९ मध्ये नौदलानं तो घेतला. १९४२ च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्या थेट अमेरिकेच्या किनाऱ्याशी येऊन जहाजं बुडवू लागल्या. किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे चालू असायचे आणि त्या उजेडासमोरून जाणारी जहाजं पाणबुडीला सहज दिसत. अमेरिकेकडे गस्तीच्या बोटी कमी होत्या, म्हणून ब्रिटननं २४ ट्रॉलर उसने दिले. बेडफर्डशायर त्यांतली एक.

एप्रिलमध्ये सॅन डेल्फिनो हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडालं आणि त्यावरच्या खलाशांचे मृतदेह नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याला लागले. त्यांना गुंडाळायला ब्रिटिश झेंडे हवे होते. एक अमेरिकी तपास अधिकारी बेडफर्डशायरवर आला. तिथल्या सब-लेफ्टनंट थॉमस कनिंगहॅम या तरुण अधिकाऱ्यानं त्याला झेंडे दिले.

त्यानंतर महिनाभरात, ११-१२ मे १९४२ च्या रात्री, बेडफर्डशायर एकटीच गस्तीवर असताना यू-५५८ या पाणबुडीनं टॉर्पेडो मारून तिला बुडवलं. बोटीवरचा एकही माणूस वाचला नाही. मदतीची हाकही कोणाला ऐकू आली नाही. १४ मेला ओक्राकोक बेटाच्या किनाऱ्याला दोन मृतदेह लागले तेव्हा कळलं की बोट गेली. त्यांतला एक कनिंगहॅम यांचा होता. ओळखायला तोच अधिकारी आला. कनिंगहॅम यांनी दिलेल्या झेंड्यांपैकी एक त्याच्याकडे उरला होता. तोच त्यांच्या शवपेटीवर घातला गेला. पुढच्या काही दिवसांत आणखी दोघांचे मृतदेह मिळाले. त्या चौघांच्या कबरी आजही ओक्राकोकला आहेत आणि दर मे महिन्यात तिथे मानवंदना होते.

त्याच मे महिन्याच्या मध्यापासून अमेरिकेनंही आपल्या पूर्व किनाऱ्यावर जहाजांचे तांडे सुरू केले आणि तिथलं नुकसान घटू लागलं. धडा तोच. एकट्या बोटीनं समुद्रात फेऱ्या मारल्यानं समुद्र सुरक्षित होत नाही.

लोस्टॉफ्टच्या स्मारकावर पेट्रोल सर्व्हिसच्या २,३८५ जणांची नावं आहेत. समुद्राशिवाय ज्यांना दुसरी कबर मिळाली नाही, त्यांची ही नावं.

आपल्या किनाऱ्याचा याच्याशी संबंध काय?

ही युद्धं आपल्यापासून दूर होती असं वाटतं, पण पहिल्या महायुद्धाचे सुरुंग कोकणच्या पाण्यापर्यंत आले होते. १९१७ मध्ये वुल्फ या जर्मन जहाजानं मुंबईबाहेर सुरुंग पेरले. हे जहाज मुळात मालवाहूच होतं, तोफा लपवून फिरणारं. २३ जून १९१७ ला मोंगोलिया हे प्रवासी जहाज त्यातल्या एका सुरुंगावर आदळून मुंबईच्या दक्षिणेला बुडालं.

मार्च १९४३ मध्ये आपल्या मुरगाव बंदरातही एक नागरी बोट युद्धासाठी वापरली गेली. गोवा पोर्तुगीजांकडे, म्हणजे तटस्थ. बंदरात एहरेनफेल्स आणि आणखी काही जर्मन व इटालियन जहाजं अडकून पडली होती. ती निकामी करायला ब्रिटिशांनी कलकत्त्याहून फीबी नावाची गाळ वाहणारी बार्ज आणली. तिच्याकडे कोण संशयानं बघणार? त्यावरून आलेल्या लोकांनी ९ मार्चच्या रात्री एहरेनफेल्सवर चढाई केली आणि ते जहाज तिथेच बुडालं.

वुल्फ, फीबी आणि नोव्हेंबर २००८ मधली कुबेर ही गुजरातची मासेमारी बोट यांना शेजारी ठेवून बघा. तिन्ही वेळा साध्या बोटीचा बुरखा वापरला गेला. कुबेरवरचा तांडेल आणि खलाशी तर त्या कटात नव्हतेच, ते त्याचे पहिले बळी होते. साध्या बोटीवर कोणी संशय घेत नाही, म्हणूनच ती वापरली जाते. आणि एकदा वापरली गेली की नंतर सगळ्याच साध्या बोटी संशयाखाली येतात. रंग, कार्ड, ट्रान्सपॉन्डर यांची कटकट इथून सुरू होते. ती कटकट आहे हे खरं. पण आपली बोट कोणाचा बुरखा होऊ नये यासाठी ती आपल्याही कामाची आहे.

त्याच २००८ च्या रात्री हल्लेखोर कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं होतं, हटकलंही होतं. डोळ्यांनी आपलं काम केलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं वेळेत योग्य ठिकाणी पोचावं, याची सोय त्या रात्री अपुरी पडली.

तर मग आपण काय करायचं?

सुरुवातीच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं आहे. किनाऱ्याच्या सुरक्षेत मच्छीमाराचं काम आहे, पण ते डोळ्यांचं आहे, ढालीचं नाही.

अनोळखी बोट, नंबर खोडलेली बोट, आपल्या पाण्यात विचित्र वागणारी माणसं दिसली तर जवळ जाऊन चौकशी करू नका, पाठलाग तर नकोच. जागा, वेळ आणि दिशा लिहून घ्या आणि कळवा. व्हीएचएफ चॅनल १६ वर, तटरक्षक दलाच्या १५५४ वर किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ वर. सेट चालू स्थितीत आहे का, बॅटरी भरलेली आहे का, हे बंदर सोडण्यापूर्वी बघा. ओट्रांटोत ज्या बोटीवर यंत्र नव्हतं तिचे डोळे वाया गेले. आपल्या बोटीवर यंत्र असून ते बंद असेल तर आपलेही जातील.

आणि जे आपल्याला डोळे व्हायला सांगतात त्यांच्याकडे आपलंही मागणं असू दे. कळवल्यावर प्रतिसाद मिळाला पाहिजे. खबर देणाऱ्याचा हंगाम चौकशीत जाता कामा नये. बोटीचं नुकसान झालं तर भरपाई कशी मिळणार हे आधी ठरलेलं हवं. गस्तीसाठी कोणी बोट मागितली तर काम काय, किती वेळ आणि मागे मदत कोणाची, हे तीन प्रश्न प्रत्येक तांडेलानं विचारावेत. ते विचारल्यानं देशप्रेम कमी होत नाही. १९१६ मध्ये पहिले दोन ड्रिफ्टर गेले तेव्हा लंडनमध्ये कोणी हे प्रश्न मनावर घेतले असते, तर पुढच्या वर्षीच्या १४ बोटी कदाचित वाचल्या असत्या.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या बोटीवर व्हीएचएफ सेट आहे का? तो चालवता येणारे किमान दोघे जण आहेत का?

२. संशयास्पद बोट दिसली तर किती मिनिटांत कळवता येईल? तुमच्या नेहमीच्या मासेमारीच्या जागी मोबाइलची रेंज मिळते का?

३. वॅट यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? आणि नौदलाच्या अधिकाऱ्याच्या जागी असता तर?

घरातल्या जुन्या माणसांनाही विचारा. युद्धाच्या काळात आपल्या बंदरातल्या बोटी कोणी मागून नेल्या होत्या का, कुठे पहारा दिला होता का, अशा आठवणी अजून कोणाकडे असतील तर लिहून ठेवा आणि आम्हाला पाठवा. ज्यांनी बोट आणि जीव दोन्ही पणाला लावले त्यांची नावं दगडावर कोरली गेली नसतील, तर निदान आपल्या वहीत तरी असावीत.

भरतीच्या वेळा सांभाळा, लाइफ जॅकेट घाला, सुखरूप या.